बंब बदलायचा आहे? तीन वर्षं आधी कामाला लागा

नगरपरिषदेच्या अग्निशमन बंबाचं वय आता कागदावर मोजलं जातं. केंद्र सरकारने 16 जानेवारी 2023 रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार, 1 एप्रिल 2023 पासून सरकारी मालकीच्या वाहनांच्या नोंदणीचं 15 वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही. केंद्र, राज्य, महापालिका, नगरपरिषदा, पंचायती, सरकारी उपक्रम या सगळ्यांना हा नियम लागू आहे. पूर्वी नूतनीकरण करून घेतलेलं असलं, तरी 15 वर्षं भरली की ते रद्द धरलं जातं. सवलत आहे ती देशाचं संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरल्या जाणाऱ्या खास वाहनांना. अग्निशमनाच्या गाडीचा त्या सवलतीत वेगळा उल्लेख नाही.

म्हणजे सिंधुदुर्गात मालवण, वेंगुर्ला किंवा सावंतवाडीच्या गॅरेजमधला बंब कितीही छान सुरू होत असला, तरी एक तारीख अशी येते की त्यानंतर तो रस्त्यावर आणता येत नाही. ही तारीख उद्घाटनाची नाही, आपल्या ताब्यात गाडी आली त्या दिवसाचीही नाही. एमएच-07 क्रमांकाने पहिली नोंदणी झाली, त्या दिवसापासून वर्षं मोजायची. नगरसेवकांनी, पत्रकारांनी आणि जागरूक नागरिकांनी पहिल्यांदा करायचं काम एवढंच: नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरची तारीख वहीत लिहून ठेवा. कोणी देत नसेल, तर माहिती अधिकारात अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्या तारखेच्या तीन वर्षं आधी नव्या गाडीची तयारी सुरू झाली पाहिजे. तीन वर्षं कशाला, असं वाटेल. अग्निशमनाची गाडी शोरूममध्ये तयार मिळत नाही. आधी मागणी, तांत्रिक मान्यता, निधी, प्रशासकीय मंजुरी, निविदा. मग टाटा, अशोक लेलँड, आयशर अशा कंपनीची चॅसी घ्यायची, ती दुसऱ्याच कारखान्यात जाते, तिथे टाकी, पंप, कप्पे बसवले जातात, तपासणी होते, मग नोंदणी. मध्ये एखादी आचारसंहिता आली की सगळं थांबतं. पंधराव्या वर्षी जागी झालेली नगरपरिषद सोळाव्या आणि सतराव्या वर्षी बिनबंबाची असते.

आणि बिनबंबाचं असणं आपल्याकडे फार महागात पडतं. अग्निशमन सल्लागार परिषदेच्या मानकानुसार शहरात गाडी 5 ते 7 मिनिटांत आणि ग्रामीण भागात 20 मिनिटांत पोचली पाहिजे. मालवणात बंब नसला आणि मदतीची गाडी कुडाळहून यायची असली, तर ते अंतर पंचवीसहून अधिक किलोमीटर आहे. पाण्याने भरलेली गाडी त्या वळणांवर ताशी 40 च्या वेगाने आली असं धरलं, तरी 38-40 मिनिटं गेली. कौलारू घराचे सुके वासे आणि रिपा तेवढा वेळ थांबत नाहीत. छप्पर आधीच खाली आलेलं असतं.

आग विझवणं ही नगरपरिषदेची मर्जी नाही, कर्तव्य आहे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमात ते आवश्यक कर्तव्यांमध्ये आहे, आणि 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवेचं नाव आहे. निधी नाही, हे उत्तर सभेत मिळालं तर या दोन गोष्टी इतिवृत्तात नोंदवून घ्या.

आता मुदतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न. किनाऱ्यावरची गाडी खरंच 15 वर्षं टिकते का?

अमेरिकेतल्या एनएफपीए या संस्थेच्या मानकात 15 वर्षांनंतर गाडी राखीव ठेवावी आणि 25 वर्षांनंतर सेवेतून काढावी, अशी शिफारस आहे. पण तिथल्या गाड्यांची दरवर्षी पंपचाचणी होते, नोंदी राहतात. आपल्याकडे गाडी समुद्रापासून काही फर्लांगावर, कधी नुसत्या पत्र्याच्या शेडखाली उभी. खारा वारा बारा महिने. किलोमीटरचा काटा कमी दिसतो म्हणून गाडी तरुण आहे असं समजू नका. बंब चालतो कमी, पण जागेवर उभा राहून पंप ओढतो तेव्हा इंजिन पूर्ण मेहनत करत असतं आणि काटा हलत नाही. गाडीचं खरं वय इंजिनाच्या तासांत आणि पंपाच्या तासांत मोजायचं. लॉगबुकात ‘पंप सुरू – पंप बंद’ अशी वेळ लिहिलेली नसेल, तर आजपासून लिहायला लावा.

गाडी पाहायला जाल तेव्हा बाहेरच्या लाल रंगाकडे पाहू नका. तो दर दोन वर्षांनी मारलेला असतो. एक बॅटरी आणि लहान हातोडी घ्या, चालकाला बरोबर घ्या आणि गाडीखाली वाका. चॅसीचे लांब दांडे, त्यांना जोडणारे आडवे पट्टे, पाट्यांचे हँगर, टाकी जिथे चॅसीवर बसते ते पाय, बॅटरीची पेटी, ब्रेकच्या बारीक नळ्या. हातोडीने हळू ठोका. चांगलं लोखंड खणकन वाजतं, आतून कुजलेलं बद्द आवाज देतं आणि गंजाचे पापुद्रे खाली पडतात. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि लोखंडी सांगाडा जिथे एकमेकांना चिकटलेत तिथे पांढरी भुकटी दिसली, तर समजा की खाऱ्या ओलाव्याने दोन धातूंच्या सांध्यातलं ॲल्युमिनियम खाल्लं आहे. मग टायर. बंबाचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत आणि बाजूला बारीक तडे, असा टायर साडेचार टन पाणी घेऊन उतारावर धावणाऱ्या गाडीला लावून चालत नाही. सात वर्षांहून जुना टायर नक्षी कशीही असो, बदला.

पंपाची परीक्षा मे महिन्यात घ्या. पावसाळ्यात भरलेल्या विहिरीतून पाणी कोणताही पंप ओढतो. हवेच्या दाबाने पाणी चढतं ते कागदावर 10 मीटरच्या आसपास, प्रत्यक्षात 7 मीटरपर्यंत. आपल्या चिऱ्याच्या विहिरी मे अखेरीस कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून उन्हाळ्यात आपल्या वाडीतल्या कोणत्या विहिरीतून, कोणत्या व्हाळातून गाडी पाणी घेऊ शकते, त्याची यादी करा. सक्शन पाइप लावून प्रायमर चालवा. अर्ध्या मिनिटाच्या आसपास पाणी पकडलं नाही, तर पंपाचं ग्लँड, सक्शनचे वॉशर किंवा प्रायमर गेलेला आहे. पाणी पकडलं की दोन होज जोडून निदान वीस मिनिटं पंप चालू ठेवा. इंजिन तापतं का, दाब पडतो का, हे त्या वीस मिनिटांत कळतं. नुसता सायरन वाजवून दाखवणं ही चाचणी नव्हे.

टाकीतलं पाणी किती वेळ पुरतं याचा हिशेब माहीत असला, की विहिरींच्या यादीचं महत्त्व पटतं. साडेचार हजार लिटरची मोठी गाडी. एका मोठ्या फवाऱ्यातून मिनिटाला साधारण साडेचारशे लिटर जातं. दहा मिनिटं. दोन फवारे लावले तर पाच. त्यानंतर गाडीला कुठून तरी पाणी मिळालंच पाहिजे.

गाडी कोणती घ्यावी

खरेदीच्या बैठकीत सगळ्यात जास्त बोललं जातं ते टाकीबद्दल. जेवढी मोठी, तेवढी चांगली. मालवणपुरतं तरी हे मला मान्य नाही. मोठ्या गाडीची रुंदी साधारण अडीच मीटर, वर आरसे. उंची तीन मीटरच्या पुढे. भरलेलं वजन बारा-पंधरा टन. आता बाजारपेठेतून, मेढ्यातून, धुरीवाड्यातून, दांडीवरून फिरून या. एक अडीच मीटरची दोरी आणि सव्वातीन मीटरचा बांबू घेऊन जा. दोघंजण दोरी धरून चाला, तिसरा बांबू उभा धरील. जिथे दोरी गडग्याला लागते, जिथे बांबू तारेला किंवा आंब्याच्या फांदीला अडतो, जिथे साकव कच्चा आहे, तिथे नकाशावर खूण करा. रविवारची एक सकाळ पुरेल. हा नकाशा निविदेच्या कागदांपेक्षा मोलाचा आहे. देवबागला जा: एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधोमध चिंचोळी पट्टी आणि डिसेंबर-मे मध्ये पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला रस्ता. मोठा बंब तिथे गेला तर वळवायचा कुठे, हा प्रश्न आग लागण्याआधी सुटला पाहिजे.

माझं मत असं, की किनाऱ्यावरच्या छोट्या नगरपरिषदेने एका अजस्र गाडीऐवजी दोन गाड्यांचा विचार करावा. एक हजार-दोन हजार लिटरची, लहान चॅसीवरची, उच्चदाबाची होजरील असलेली चपळ गाडी. आणि मागून पाणी पुरवणारी मोठी. उच्चदाबाच्या फवाऱ्यात पाण्याचे थेंब बारीक होतात, कमी पाण्यात जास्त उष्णता खेचतात. लहान गाडी पहिल्या पाच मिनिटांत घराच्या दारात पोचते, आणि आग पहिल्या पाच मिनिटांतच आवाक्यात असते. पैसे एकाच गाडीचे असतील, तर लहान आधी घ्या.

दोन गाड्या हव्यात याला आणखी एक कारण आहे. आंगणेवाडीची यात्रा. भराडीदेवीच्या यात्रेला फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास लाखो माणसं येतात आणि बंदोबस्ताला अग्निशमनाची गाडी उभी करावी लागते. नेमका तोच काळ सड्यांवरचं गवत वाळून कडक झाल्याचा, काजू-आंब्याच्या बागांत वणवे शिरण्याचा, मांगरात गवत भरून ठेवलेलं असण्याचा. एकच गाडी यात्रेत गेली, तर शहर आणि बाकीचा तालुका उघडा पडतो. देवगडलाही महाशिवरात्रीच्या कुणकेश्वर यात्रेत हीच अडचण.

वणव्यासाठी मोठा बंब फारसा उपयोगी नाही. तो रस्त्यावर उभा राहतो आणि आग सड्यावर असते. तिथे पिकअपवर बसणारी छोटी टाकी, पाठीवरचे पंप, फ्लॅपर आणि आधीच काढलेली जाळरेषा लागते. बंदरातल्या ट्रॉलरची आग ही डिझेलची, तिला फेस लागतो. फेसाच्या द्रावणाला मुदत असते, कॅनवरची तारीख बघा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर माणसं राहतात आणि तिथे गाडी जाऊच शकत नाही. होडीतून नेता येईल असा सुटा पंप याच खरेदीत मागा. भारतीय मानकांत 275 लिटर प्रतिमिनिट क्षमतेच्या हलक्या सुट्या पंपाची तरतूद आहे. समुद्र हाताशी आहे, पाण्याची कमतरता नाही. मात्र खारं पाणी ओढल्यानंतर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पंप धुतला गेला पाहिजे.

तौक्ते वादळाची आठवण ठेवा. 16 मे 2021 रोजी मालवण किनाऱ्याला त्याने झोडपलं, तेव्हा आगीपेक्षा पडलेली झाडं आणि बंद रस्ते हेच मोठं संकट होतं. नव्या गाडीच्या कप्प्यांत दोन यांत्रिक करवती, जाड दोर, विंच, उजेडासाठी जनरेटर आणि दिव्याचा खांब यांची जागा आखून घ्या. गाडी तयार झाल्यावर ही जागा काढता येत नाही.

निविदेत काय लिहाल

सरकारी खरेदीत शेवटी कमी दराची निविदा जिंकते. यात गैर काही नाही, पण कमी दरवाला नेमकं तेवढंच देतो जेवढं तुम्ही लिहिलं. म्हणून खारी हवा निविदेत लिहावी लागते. टाकी साध्या लोखंडाची नको. स्टेनलेस स्टील मागायचं तर नुसतं ‘स्टेनलेस’ न लिहिता 316 प्रत लिहा. 304 मध्ये नसलेलं मॉलिब्डेनम तिच्यात असतं आणि खाऱ्या वातावरणात ती जास्त टिकते. पॉलिप्रॉपिलिनची टाकीही चालते. पंपाचं इम्पेलर गनमेटलचं. नट-बोल्ट स्टेनलेस, दोन वेगळ्या धातूंमध्ये रबरी किंवा नायलॉनची पट्टी. चॅसीला खालून गंजरोधक थर आणि तो दरवर्षी पुन्हा देण्याची अट. वॉटर टेंडरसाठी आयएस 950, होजसाठी आयएस 636, कपलिंगसाठी आयएस 903 ही भारतीय मानकं नावानिशी लिहा, नाहीतर शेजारच्या नगरपरिषदेचा होज तुमच्या गाडीला बसणार नाही आणि ऐन आगीत दोन गाड्या एकमेकींकडे बघत उभ्या राहतील.

बीएस-6 इंजिनाची एक गोष्ट चालकांना आधीच समजावून सांगा. 1 एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांपैकी बहुतेक मोठ्या चॅसींना डिझेलबरोबर डीईएफ हे युरियाचं द्रावण लागतं. ते संपलं की इंजिन आपली ताकद कमी करतं. डिझेलसारखाच डीईएफचा साठा स्टेशनात हवा, आणि बीएस-4 गाडीची सवय असलेल्या माणसाला हे कुणीतरी शिकवायला हवं.

दुरुस्ती कुठे होणार, हे ठरवल्याशिवाय सही करू नका. गाडी घाट चढून कोल्हापूरला न्यावी लागणार असेल, तर ती तिथे असेपर्यंत इथे काय? निदान पाच वर्षांचा वार्षिक देखभाल करार, इतक्या तासांत कारागीर मालवणात येईल अशी अट, आणि महत्त्वाचे सुटे भाग स्टेशनात. गाडी बांधली जात असताना तीनदा तपासणीला माणूस पाठवा: चॅसी आल्यावर, रंग मारण्याआधी, आणि शेवटी. रंगाआधीची तपासणी कुणी टाळू म्हणेल, तर अजिबात ऐकू नका. वेल्डिंगचे दोष रंगाखाली जातात आणि पाच पावसाळ्यांनी बाहेर येतात. तांत्रिक तपशिलासाठी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाचं मार्गदर्शन घ्या.

पैशाचे मार्ग बंद नाहीत. जिल्हा वार्षिक योजनेत अग्निशमन व आणीबाणीच्या सेवांच्या बळकटीकरणासाठी तरतूद मागता येते. त्यासाठी प्रस्ताव जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी ओरोसला, जिल्हा मुख्यालयात पोचला पाहिजे, बैठकीच्या दिवशी नाही. केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी 5000 कोटींची योजना आणली, तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्याने 25 टक्के वाटा घालायचा असं ठरलं. आणि 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली जे शुल्क जमा होतं, ते कुठे खर्च झालं हे सभेत विचारा. किनाऱ्यावर हॉटेलं आणि निवासस्थानं वाढत आहेत. त्या बांधकामांमुळे वाढलेली जोखीम पेलायला तो पैसा आहे.

जुनी गाडी देताना

जुनी गाडी वर्षानुवर्षं आवारात गंजत ठेवू नका. निर्लेखनाचा ठराव करा, जडसंग्रह नोंदवहीत नोंद करा, आणि नोंदणीकृत वाहन भंगार केंद्राकडेच गाडी द्या. नियमानुसार ती दुसरीकडे विकता येत नाही. जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. त्याआधी होज, ब्रँच, शिड्या, सुटा पंप, सायरन, वायरलेस यांची यादी करून जे चांगलं आहे ते काढून घ्या. श्वसनयंत्राच्या सिलिंडरची चाचणी तारीख पाहूनच ते नव्या गाडीत ठेवा. आणि क्रम चुकवू नका: मुदत शिल्लक असेतो नवी गाडी येऊन, नोंदणी होऊन, पाणी ओढून दाखवल्याखेरीज जुनी सोडू नका. खंड पडणारच असेल, तर कुडाळ, कणकवली, वेंगुर्ल्याशी परस्पर मदतीचा लेखी करार आधी करा. चिपी विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 पासून सुरू झाला, त्याची स्वतःची अग्निशमन यंत्रणा आहे. पण विमान येण्याच्या वेळी ती जागा सोडू शकत नाही. तिच्यावर शहराचा भरवसा ठेवू नये.

गाडीइतकाच प्रश्न माणसांचा आहे. नवी कोरी गाडी आणि रात्रपाळीला एकटा चालक, अशी अवस्था असेल तर खरेदीचा फायदा नाही. एका गाडीला चालक धरून निदान चार माणसं, तीन पाळ्या, सुट्ट्या, आजारपण. हिशेब करा म्हणजे किती पदं लागतात ते दिसेल. राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम केलेली मुलं सिंधुदुर्गातही आहेत. पदं मंजूर करून घेण्याचा प्रस्ताव गाडीच्या प्रस्तावासोबतच गेला पाहिजे. गाडीनंतर माणसं मागायची म्हटलं, की माणसं येतच नाहीत.

नागरिक म्हणून तुमचंही काम आहे. आपल्या पाणंदीत गाडी आडवी लावू नका, माडाच्या झावळ्या आणि तारा वेळेवर काढून घ्या, विहिरीपर्यंत होज नेता येईल एवढी वाट ठेवा. गॅसचा वास आला, धूर दिसला, तर आधी फोन: 101 किंवा 112. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांकही मोबाइलमध्ये ठेवा.

दरवर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले 66 जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. या आठवड्यात शाळांतून प्रात्यक्षिकं होतात. यंदा त्याच आठवड्यात आपल्या वाडीतल्या चार माणसांनी मिळून स्टेशनात जावं, नोंदणीची तारीख, टायरचे आकडे आणि पंपाची शेवटची चाचणी लिहून घ्यावी आणि ते पत्र मुख्याधिकाऱ्यांकडे आवक क्रमांक घेऊन द्यावं. 15 वर्षांना तीन वर्षं किंवा त्याहून कमी उरली असतील, तर पत्रात एकच मागणी लिहा: नव्या गाडीचा प्रस्ताव पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या.